लोहापुलाच्या अलीकडे थांबलेली गाडी

सुखदेवकाकाजी, हे मी लिहायला बसलो याबद्दल आधी माफ करा. तुमच्याविषयी लिहायचा हक्क डेपोतल्या माणसांचा, ज्यांनी बावीस वर्षं तुमच्यासोबत गाड्या चालवल्या. मी तुमच्या नात्याचा नाही आणि कामगारही नाही. तुमच्या शेजारच्या घरातल्या कंडक्टरचा मुलगा, एवढीच माझी ओळख. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे खरा, पण आजवर लिहिले ते परीक्षेचे पेपर आणि वस्तीतल्या लोकांचे अर्ज. युनियनचे सेक्रेटरी तुमच्यावर सायक्लोस्टाइल अंक काढताहेत. ते म्हणाले, "त्यांचे कागद तूच लिहीत होता, आता हेही तूच लिही." नाही म्हणायची हिंमत झाली नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "अर्धं पान त माफीतच घालवलं गा प्रोफेसर. मुद्द्यावर ये."

मुद्दा सांगतो. असा लेख जड मनाने लिहितात. माझं मन जडच आहे, पण आज सकाळपासून छाती धडधडते आहे, परीक्षेच्या निकालाच्या दिवशी धडधडते तशी. कारण आज तुमचाही निकाल आहे. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून निरोप आला होता, की माणूसच राहिला नाही, तेव्हा चौकशीची फाईल बंद. बंद म्हणजे सुटका नाही. तुमच्या सर्व्हिस बुकात लाल शाईने 'आजार लपवून ड्युटीवर आला, सवाऱ्यांसह गाडी वाटेत सोडली' हे तसंच राहणार, आणि त्याखाली कायमचं काहीच लिहिलं जाणार नाही. युनियनने अर्ज केला, की मेलेल्या माणसाला निकाल द्या. डेपो मॅनेजर साहेबांनी आजचा दिवस दिला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दहा वाजताच डेपोत गेले आहेत. कॉलेजला जाऊनही माझं लक्ष लागणार नाही, म्हणून मी तुमच्या ओट्यावर बसून हे लिहितो आहे. काकूंनी दोनदा चहा दिला. त्यांच्याकडे बघायचं टाळतो आहे, कारण मी बघितलं की त्या विचारतात, "आले का रे बाबा तुह्ये?"

डोळ्यांची ती साथ आठवली की आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. घराघरात डोळे आले होते. दहा वर्षांपूर्वी, लढाईच्या साली, अशीच साथ आली होती, पण तेव्हा मी शाळेत होतो आणि आठवतं ते एवढंच, की सुट्टी मिळाली. या वेळी सीताबर्डीच्या फुटपाथवर छत्र्या विकणारेसुद्धा काळे गॉगल विकायला लागले. लोकांची समजूत अशी, की डोळे आलेल्याच्या डोळ्यांत पाहिलं की आपलेही येतात. म्हणून डोळे आलेला माणूस दुसऱ्यावर उपकार म्हणून गॉगल लावायचा, आणि न आलेला स्वतःच्या बचावासाठी लावायचा. सकाळच्या पाळीला डेपोच्या गेटवर सगळे ड्रायव्हर-कंडक्टर काळ्या गॉगलमध्ये उभे. बाबा म्हणायचे, "ड्युटी हाय का पिक्चरची शूटिंग, काही समजून नाही राहिलं." कोण आजारी आणि कोण चांगला, हे टाइमकीपरला ओळखू येत नसे. ज्यांना ओळखू द्यायचं नव्हतं, त्यांची सोय झाली.

तुम्ही गॉगल लावला नाही. "रस्ता काळा दिसते," एवढंच तुमचं कारण.

लोहापुलाजवळ जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही. पण बाबांनी ते इतक्यांदा सांगितलं आहे, की मी त्या गाडीत मागच्या सीटवर बसलो होतो असंच मला वाटतं. दुपारची पाळी, महालातून निघालेली गाडी, उभ्याने माणसं. निघताना तुमचे डोळे चांगले होते. बडकस चौकात जळजळायला लागले, कॉटन मार्केटपर्यंत पाणी थांबेना. रस्ता रेल्वेच्या लोखंडी पुलाखालून, खांबांमधून जातो, त्याच्या अलीकडेच तुम्ही गाडी डावीकडे घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून मागच्या दाराशी आलात.

"भाऊराव," तुम्ही बाबांना म्हणालात, "पुलाचे खांब मले दुप्पट दिसून राहिले. त्यातले खरे कोणते ते तू सांग, मंग नेतो."

"पूल पार कर अन् मंग थांब," बाबा म्हणाले.

"पूल पार कराचाच त सवाल हाय."

मग तुम्ही सवाऱ्यांना सांगितलं, "माह्ये डोळे आले हायेत. दिसत नाही. मागची गाडी येते, तिच्यात सगळ्यायले बसवून देतो."

टोपीवाले एक म्हातारे भडकले. "अर्ध्या रस्त्यात सवारी उतरवते का कोणी? साऱ्या जिंदगीत पाह्यलं नाही असं."

"म्या बी नाही पाह्यलं, बाबाजी. आज त म्या काहीच पाहून नाही राहिलो."

एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मले धंतोलीले जायचं हाय डॉक्टरकडे. पोराचे डोळे आले."

"मंग मलेही घेऊन चाल वं बाई," तुम्ही म्हणालात.

गाडी हसली, असं बाबा सांगतात. भांडण होता होता राहिलं. पण मागच्या गाडीला यायला वेळ लागला आणि तोवर थेट कॉटन मार्केटपर्यंत रिक्षे, बैलबंड्या, ट्रक अडकून पडले. त्यात कोण्या मोठ्या माणसाची मोटारही होती. तिसऱ्या दिवशी चार्जशीट आली. साहेबांचं म्हणणं असं, की डोळे असे अर्ध्या तासात येत नाहीत, तुम्हाला घरूनच माहीत होतं, तरी लपवून ड्युटी घेतली आणि जमलं नाही तेव्हा गाडी टाकून दिली. बाबांनी साक्ष दिली. साहेब म्हणाले, कंडक्टर आपल्या ड्रायव्हरचीच बाजू घेणार.

तुमची ड्युटी बंद झाली. तुम्ही घरात खाटेवर डोळे मिटून पडलेले, काकू औषधाचे थेंब टाकायच्या आणि मी संध्याकाळी कॉलेजातून येऊन तुम्हाला पेपर वाचून दाखवायचो. एका संध्याकाळी तुम्ही मध्येच थांबवलंत.

"प्रोफेसर, हे माह्याकडे आलं कुठून? म्या त कोणाच्या डोळ्यात पाह्यलं नाही. गॉगलवाल्याच्या डोळ्यात दिसते तरी काय?"

मी भीत भीत म्हणालो, की पाहण्याने हे होतच नाही. आमच्या सरांनी सांगितलं आहे, डोळ्याला लागलेला हात दुसरीकडे लागतो, तिथून दुसऱ्याच्या हाताला आणि त्याच्या डोळ्याला.

"मंग काढ शोधून, कोणाचा हात लागला ते."

काकाजी, तो आठवडा. मी अजून कोणाला हे बोललो नाही, पण माझ्या आयुष्यात त्याहून चांगला आठवडा आलेला नाही. बाबांनी डेपोतून ड्युटीचा तक्ता उतरवून आणला. जुन्या कागदांच्या पाठीवर मी रेघा ओढल्या. तुम्ही डोळे मिटूनच सांगत होता, कोणत्या गाडीवर सकाळी कोण, दुपारी कोण, कोण कोणाच्या जागी गेला. मी भरत होतो. कोणाचे डोळे कधी आले ते बाबा सांगत होते. आधी मला वाटलं, घराघरातून येत असेल. पण दोन भाऊ एकाच घरात राहणारे, दोघेही ड्रायव्हर, एकाचे आले, दुसऱ्याचे नाही. मग दुसऱ्याची गाडी बघितली, तर त्या गाडीवर कोणाचेच आले नव्हते. आणि पहिल्याच्या गाडीवर एकामागून एक सगळ्यांचे. मी खाटेजवळून उठून उभाच राहिलो.

"काकाजी, हे माणसांमागं नाही, गाडीमागं फिरून राहिलं."

तुम्ही डोळे मिटलेलेच उठून बसलात. "म्हणजे गाडीले डोळे आले का?"

मी म्हणालो, गाडीतली एखादी वस्तू असेल, जिला सगळ्यांचा हात लागतो आणि जी डोळ्यापर्यंत जाते. स्टेअरिंग आहे, पण स्टेअरिंग डोळ्याला कोण लावणार?

तुम्ही कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेलात. मग हळूच म्हणालात, "टॉवेल."

हे मला सात जन्मात सुचलं नसतं. बाहेरच्या कोणालाच सुचलं नसतं. दसऱ्याला डेपोत गाड्यांची पूजा होते, झेंडूचा हार घालतात आणि ड्रायव्हरच्या सीटमागच्या दांडीला नवा टॉवेल बांधतात. तो टॉवेल माणसाचा नसतो, गाडीचा असतो. पाळी बदलते, ड्रायव्हर बदलतो, टॉवेल तिथेच राहतो. घाम आला की तोंड त्याने पुसायचं, स्टेअरिंगही त्यानेच. घरी न्यायचा नाही, गाडीला बरकत राहत नाही म्हणतात. तुम्ही बौद्ध माणूस, पूजेला बाजूला उभे राहायचे. पण टॉवेल तुम्हीही वापरायचे. "पूजा म्या मानत नाही, घाम त मानाच लागते," हे तुमचंच. सगळा डेपो गॉगल लावून एकमेकांच्या नजरेपासून जपत होता आणि एकच फडकं सगळ्यांच्या डोळ्यांवरून फिरत होतं.

पुढच्या आठवड्यापासून तुम्ही डेपोच्या गेटवर उभे राहायला लागलात. डोळे बरे झाले होते, ड्युटी मात्र नव्हती. मी कॉलेज बुडवून तुमच्याजवळ उभा. टॉवेल सोडून आणायचे, पिंपात उकळायचे, आणि ज्याने त्याने आपला टॉवेल घरून आणायचा. काकूंनी तुमच्या टॉवेलच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने 'सु' काढून दिलं, तर चार दिवसांत डेपोभर बायकांच्या हातचे 'रा' आणि 'म' दिसायला लागले. टाइम ऑफिसच्या बाहेर बादली ठेवली. साबण दोनदा चोरीला गेला, तेव्हा बाबांनी तो जुन्या मोज्यात घालून खिळ्याला बांधला. सुरुवातीला लोक ऐकत नव्हते. एक जण म्हणाला, "टॉवेल सोडला त गाडी रुसते, सुखदेव."

"रुसू दे बे. माह्यी बायको बावीस वर्षं रुसून हाय, संसार चालूच हाय."

लोक हसले आणि टॉवेल सुटले. मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, की पुस्तकात वाचलेली गोष्ट माणसांच्या हातात जाऊन काम करते. मी घरी येऊन आईला तेच तेच सांगत होतो. तिने शेवटी मला जेवायला बसवलं.

पण तुम्ही म्हणत होता, की हे अर्धंच काम आहे. गॉगलमागं लपणारी माणसं होती ती होतीच, आणि ती बहुतेक सगळी बदली ड्रायव्हर. पक्की नोकरी नसलेली, कोणी रजेवर गेला तर त्याच्या गाडीवर जाणारी. त्यांच्या नावांची यादी भिंतीवर असते. चार दिवस आला नाही की नाव यादीच्या तळाला, मग पुन्हा वर यायला महिने. अशा माणसाचे डोळे आले तर तो घरी कसा बसेल? तुमची मागणी एकच होती, की लाल डोळ्यांच्या माणसाला गाडी देऊ नका, पण त्याचा नंबर हलवू नका. साहेबांनी ती ऐकून घेतली नाही. ज्याच्यावर चार्जशीट आहे त्याने मागण्या करू नयेत, म्हणाले.

आणि इथेच आपलं भांडण झालं. ते संपलं नाही, म्हणून मला ते लिहावं लागतं आहे.

तुमच्या चार्जशीटचं उत्तर मी चार पानी लिहिलं होतं. तिसऱ्या पानावर तक्ता होता. त्यात स्पष्ट दिसत होतं, की तुमच्याच गाडीवर सकाळच्या पाळीला शंकर नावाचा बदली ड्रायव्हर होता आणि त्याने चार दिवस डोळे आलेले असताना गॉगल लावून गाडी चालवली होती. त्याच टॉवेलने तुम्ही तोंड पुसलं. रोग घरून आणला नाही, ड्युटीवर लागला, याला एवढा सरळ पुरावा दुसरा नव्हता. मला अभिमान वाटत होता त्या पानाचा. तुम्ही चारही पानं मला वाचायला लावली आणि म्हणालात, "हे पान काढ."

"काकाजी, हाच त पुरावा हाय."

"पुरावा हाय म्हणूनच काढ. शंकरचा नंबर सातवा हाय. हे पान गेलं की त्याचं नावच यादीतून जाते."

"अन् तुमचं नाव खराब झालं त चालते?"

"माह्यं नाव बावीस वर्षांचं हाय, सहज पुसत नाही. त्याचं अजून लिवूनच नाही झालं."

मी नको ते बोललो. म्हणालो, त्याने लपवलं म्हणून तुम्ही आंधळे होता होता वाचलात, गाडीत उभ्याने माणसं होती, पुलाखाली काय झालं असतं, आणि तुम्ही त्यालाच वाचवता. मी म्हणालो, हा चांगुलपणा नाही, हा भित्रेपणा आहे. तुम्ही रागावला नाहीत. "काहून चिडून राहिला एवढा?" एवढंच विचारलंत. मी पान काढलं, उरलेली तीन तुमच्या खाटेवर ठेवली आणि निघून आलो. पाच दिवस तुमच्या दारात पाय ठेवला नाही. तुम्ही ओट्यावरून खाकरायचे, मी ऐकायचो आणि पुस्तकात डोकं घालून बसायचो. सहाव्या दिवशी सकाळी नळावर पाणी भरताना तुम्ही छातीला हात लावून खाली बसलात. मेडिकल हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

भित्रे तुम्ही नव्हता, काकाजी. हे मी आता लिहितो आहे, तेव्हा म्हणायला पाहिजे होतं.

ते पान माझ्या वहीत होतं. तुम्ही गेल्यावर मला रोज वाटायचं, आता ते देऊन टाकावं. तुमची मनाई आता कोण पाळायला लावणार? दोनदा मी डेपोच्या गेटपर्यंत गेलो. मग तुमच्या पाचव्या दिवसाच्या वंदनेला शंकर तुमच्या घरी आला. तो ओट्याखाली, चपला सोडतात तिथे बसला होता, वर यायला तयार नव्हता. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठा असेल. गॉगल नव्हता. डोळे लाल होते, पण ते साथीमुळे नव्हते. मला त्याचा राग आणायचा होता, आला नाही. मी आमच्या घरातून पान आणलं आणि त्याच्या हातात दिलं.

"हे काय हाय?" तो म्हणाला.

"तुझं पान. काकाजीनं मले काढायले लावलं होतं. माह्याजवळ राहिलं त म्या कधीतरी देऊन टाकीन. तू ठेव."

त्याने ते उभ्याने वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. घडी करून खिशात घातलं, काकूंच्या पाया पडला आणि गेला. तुम्हाला आवडलं असतं की नाही मला माहीत नाही. त्या दिवसापासून माझी झोप सुधारली एवढं खरं.

इतकं लिहून झालं तेव्हा एक वाजला होता. काकूंनी जेवायला बोलावलं, मी नको म्हणालो. गल्लीच्या तोंडाशी बाबांची सायकल दिसली. बाबा सायकल कधी जोरात चालवत नाहीत, आज उभ्याने पायडल मारत होते. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला. काकू दारात आल्या. बाबा सांगताहेत ते मी तसंच उतरवतो आहे.

शंकर आज न बोलावता साहेबांच्या खोलीत गेला. पान टेबलावर ठेवलं. म्हणाला, "यातला शंकर म्हणजे मी. चार दिवस माह्ये डोळे आले होते, नंबर जाईन म्हणून म्या गॉगल लावून गाडी चालवली. सुखदेवकाकाले माह्यापासून लागलं. त्यायनं गाडी थांबवली, म्या थांबवली नाही." साहेबांनी विचारलं, हे लिहून देशील का? त्याने सगळ्यांसमोर लिहून दिलं. मग बाहेर उभे असलेले बदली ड्रायव्हर एकेक करून आत आले. ज्याने ज्याने लपवलं होतं त्याने त्याने सांगितलं. साहेबांनी पानावरचा तक्ता ड्युटीच्या रजिस्टराशी ताडून बघितला, म्हणे.

काकाजी, तुमच्या सर्व्हिस बुकातला लाल शेरा खोडला. त्याखाली साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, की ड्रायव्हरने गाडी थांबवली हे योग्य केलं. बाबांनी ते वाचलं आहे. टाइम ऑफिसच्या भिंतीवर हुकूम लागला आहे, की डोळे आलेल्या माणसाला गाडी द्यायची नाही आणि तो परत येईपर्यंत त्याची जागा दुसऱ्याला द्यायची नाही. यादी त्याच्याच बाजूला आहे. बाबांनी घरी निघण्याआधी ती मुद्दाम वरपासून वाचली. शंकर सातवाच आहे.